न्हाणीतला समुद्र

३ एप्रिल १९५५

नागपूरचा दगडवाला साहेब आज थेट माझ्या न्हाणीत शिरला! बादली सरकवली अन् पायाखालचा दगड बघत बसला. म्हटलं, "साहेब, इथी बाया आंघोळ करतात!" तो म्हणे, "बाई, हा दगड म्हणजे शेवाळ आहे." घ्या! लग्न होऊन आले तेव्हापासून राख अन् तणसाचा बोळा घेऊन त्यावरचं शेवाळ घासते मी — म्हणजे शेवाळावरचं शेवाळ! कंबर उगाच मोडली.

४ एप्रिल

साहेब सांगतो, इथं समुद्र होता. माणसं नव्हती तेव्हाचा. पाण्यातलं शेवाळ थरावर थर चढत गेलं, त्याचा दगड झाला. कांद्यासारखे थर दिसतात ते हेच. जाड थर म्हणजे पाणी कोमट, बारीक म्हणजे गार. समुद्र कधी तापला, कधी निवला, सगळं त्यावरून कळतं म्हणे.

आमचे लटारू — तोंडानं नाव घेत नाही, इथं काय! — म्हणतात, "समुद्र होता तं मीठ काऊन इकत घेतो आपन?" मी पोट दुखेस्तोवर हसले.

मग साहेबानं खरं काय ते सांगितलं. दगड पाहिजे. फोडून पातळ काप काढणार, भिंगाखाली बघणार.

नाई म्हणजे नाई! या घरची हरेक पोरगी त्याच दगडावर हळदीचं न्हाली. सतरा तारखेला माझ्या चंदाचं लग्न, आता तिची बारी.

९ एप्रिल

पुन्हा आला. "बाई, असा दुसरा सापडला नाही हो." तोंड पाहून भात वाढला. दगड नाही दिला.

चंदा म्हणते, "माय, माहं न्हाणं झालं का देऊन टाक न त्याले." अन् उद्या माझ्या लेकाला पोरी झाल्या तं त्या कुठं न्हातील?

१७ एप्रिल

साहेब लग्नाला थांबला. चंदावर हळदीचं पाणी ओतलं अन् दगडाचे सारे थर पिवळे उमटले. न्हाणीसमोरच्या मंडपातून साहेब ओरडला, "दिसले! दिसले!" वच्छला नणंद सोडते थोडीच — "साहेब, नवरीले पाहा, दगडाले काय पाह्यता!"

१९ एप्रिल

पोरगी गेली. न्हाणीत पाय ठेववत नाही.

साहेबाला म्हटलं, न्या बापा. पोरगी देऊन बसले, दगडाचं काय!

२० एप्रिल

शेजारच्या मुखरूनं पहार घालून दगड उलटवला. खाली जमिनीतही तेच थर! चुलीमागं खणलं, तिथंही तेच. सारं घर समुद्रावर! साहेबानं तिथलाच तुकडा फोडून नेला. माझा दगड पुन्हा जागच्या जागी बसवला. लेकाच्या पोरींनो, या आता!