मागचो घालतलो

५ फेब्रुवारी, सोमवार
परत बेडा उघडा. पाणंदीच्या तोंडाचे तिन्ही आडवे वासे काढून दगडी गडग्याला नीट टेकवून ठेवलेले. म्हणजे गुराने नव्हे, माणसाच्याच हाताने. गुरे सरळ सुमतीवहिनीच्या चवळीत. शेंगा धरल्या होत्या. बाजारात भाजी विकते त्याच्यावर तिचे घर. बांधावर बसून उपटलेले वेल उगीच सरळ करीत होती. माझ्याकडे का बघितले असेल?

६, मंगळवार
त्या वाटेने जाणारे मोजके. मासेवाला, मोटारसायकलने. खालच्या घरात उतरलेले पाहुणे. इंत्रू, पहाटे चर्चमध्ये मिसेला. आणि मी. सर्वांना विचारून आलो.
मासेवाला, "माज्या मागसून पावणे येय होते. ते घालतले म्हणान सोडलंय."
पाहुणे, "आमच्या मागून एक आजोबा येत होते."
आजोबा म्हणजे इंत्रूच. त्याला विचारले तर हसला. "मागसून कोण तरी येय होतो रे, शिरामा."
सगळ्यांच्या मागे कोणीतरी आहेच. शेवटचा असा कोणी उरलाच नाही. पूर्वी काढील त्याने घालायचे, मागे कोण आहे हे बघायची पद्धतच नव्हती. बाबा एकदा पुळणीवरून परत आले होते, वासा घातला की नाही बघायला.

७, बुधवार
चहाच्या हॉटेलात इंत्रूला चारचौघांत बोललो. देवाला गाऱ्हाणे घालतो म्हटले, तुझ्या नावाने. शाळेत एका बाकावर बसलेला माणूस. ग्लास अर्धा ठेवून उठला.
"घाल गाऱ्हाणा. पण माजा नाव घेव नको. 'जो कोण' म्हण."
नाव का नको? काहीतरी आहे. बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवत नाही.

९, शुक्रवार
देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्या घाड्याकडे गेलो. रविवारी दहाला देवळात घालू म्हणाला. मग विचारले, "नावान घालूया काय 'जो कोण' म्हणूया? नाव घेतलास तर तेकाच लागतला. 'जो कोण' म्हटलास तर असात तेका लागतला. घरचो असलो तरी."
मी म्हटले, नावानेच.
वाटेत सु. वहिनी भेटली. सांगितले. तिला बरे वाटेल असे वाटले होते. "माका कोणाचा वायट नको, भावजी. बेडो घाला, इतक्याच."
घाला? कोणाला म्हणाली?

१०, शनिवार
ही तांदूळ निवडता निवडता, "सोमवारी दवाखान्यात तुमी त्याच वाटेन गेलल्यात मा?"
"हो. मागे इंत्रू होता."
"बघितल्यात?"
बघितले नव्हते. चपला वाजल्या. मागचा घालील म्हणून पुढे गेलो, गाडी चुकली असती. पण गाडी नऊची. इंत्रूची मिसा सातलाच संपते, तोपर्यंत तो घरी चहा पीत असतो. मग चपला कोणाच्या? माझ्याच असतील, तर…
ही म्हणाली, "ते पावणे म्हणतत तो आजोबा. तुमीव काय तरणे नाय."
जेवलो नाही.

११, रविवार
नारळ सोलून उंबऱ्याशी ठेवला आहे. अजून दहा व्हायचे आहेत.
सकाळी बेड्यापर्यंत जाऊन आलो. तिन्ही वासे जागेवर. तरी हात लावून बघितले. पलीकडून इंत्रू आला, मिसेहून. मी वासे काढायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हवांदे." स्वतः काढले, अलीकडे आला, एकेक परत घातला. घट्ट बसला की नाही हलवून बघितले. बुधवारचे बोलणे काढील असे वाटत होते. काढले नाही. जाता जाता एवढेच, तोंडावर कसलाही भाव नाही,
"तुज्या मागसून कोण नाय मा?"
मी वळून बघितले. कोणी नव्हते.
ही विचारते आहे, घाड्याक काय सांगतल्यात. इंत्रूचे नाव घेववत नाही. 'जो कोण' तर त्याहून नाही. चपला घातल्या आहेत.