बिनखिशाचा

४ नोव्हेंबर, मंगळवार
जुन्या पकडीची स्प्रिंग गेली. मी मेकॅनिक आहे त्या कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये संत्र्याच्या खोलीचं दार अडलेलं, बाहेर ट्रक उभा, आणि ऐन वेळी पक्कड तोंड मिटेना. इतकी वर्षं उजव्या खिशात बसून होती आणि दगा दिला. तिथेच भंगारात फेकली. मेलेलं अवजार जपून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

देवराव ऑपरेटरनं त्याची पक्कड देऊ केली. हातभर लांब, बॅगेत ठेवतो. बॅग कुठे? गेटवर. म्हटलं, "अवजार बॅगेत म्हणजे अवजार घरी, गा." सगळे हसले. देवराव हसला नाही.

नवी घ्यायची. वीतभर नको, बोटभर हवी. बसताना मांडीत रुतायला नको. खिशात हात घातला की न पाहता सापडली पाहिजे.

६ नोव्हेंबर
इतवारीच्या बाजारात गेलो. दुकानदार एकात बारा कामांचं चकचकीत धूड दाखवत बसला. पक्कड, करवत, पेचकस, झाकण उघडायचं, वर दात कोरायची काडी. जड. उघडता उघडता नख तुटलं. विचारलं, "याच्यात पोळपाट नाही का?" तोंड पडलं त्याचं. बरं वाटलं.

घेतलं ते असं: छोटी पक्कड, जबडा अरुंद पण दात खोल. बुटका पेचकस, टोक काढून उलटं बसवता येतं. सगळ्यात लहान स्क्रू-पाना. टेस्टर आणि चाकू जुनेच. सगळं खिशात घालून दुकानात दोनदा उठलो-बसलो. दुकानदार पाहत राहिला. पाहू दे.

संध्याकाळी रसिका क्लिनिकमधून आली. फिजिओथेरपी शिकलेली पोरगी, लोकांचे खांदे-गुडघे दिवसभर हलवते, घरी इकडची काडी तिकडे करत नाही. दारातच म्हणाली, "बाबा, रविवारी एक मुलगा येऊन राहिला आपल्याकडे. निलेश. मौद्याले शाळेत भूगोल शिकवते. मले पसंत हाय."
"खिशात काय ठेवते तो?"
"मोबाइल अन् रुमाल. अजून काय ठेवीन?"
झालं. मला काय समजायचं ते समजलं.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच पाहुण्याच्या खुर्चीचा एक स्क्रू सैल करून ठेवला. सौ.नं पाहिलं. तिला माझे खेळ माहीत आहेत.

आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात जोडून जयभीम. बसला, खुर्ची डुगडुगली, सावरून बसला. मीच पेचकस पुढे केला. "आवळता का जरा?" डाव्या हातात घेतला, मग उजव्यात. पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. हसून म्हणाला, "काका, मले नाही जमत हे." लाज वगैरे काही नाही.

रसिकानं हिसकावून घेतला आणि स्वतः आवळला. मी म्हटलं, "चांगली जोडी हाय. तू स्क्रू आवळ, तो खिचडी लावीन." आणि त्याला नावही दिलं, सगळ्यांसमोर. बिनखिशाचा. सौ.ला चहाचा ठसका लागला. त्यानं ऐकलं, कप ठेवला, पुन्हा हसला.

मजा आली मला. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू.

१० नोव्हेंबर
रसिका सकाळपासून फुगलेली. डबा भरताना म्हणाली, "बाबा, तुमी माणूस पाहता का खिसा?"
"खिसा. माणूस सजून येते, खिसा नाही येत."
"तुमाले काहीच माहीत नाही. त्याच्या हाताले..." आणि थांबली.
"काय हाताले?"
"जाऊ द्या. आज सांगीन, उद्या त्याचंही नाव ठेवाल."
ठेवलं असतं. ती मला ओळखते.

पुढच्या रविवारी मौद्याला जायचं ठरलं, त्याच्या आईकडे, सोयरीक पक्की करायला. मला विचारलं नाही, कळवलं.

१४ नोव्हेंबर
रिकाम्या हातानं जाणं बरं नाही. बिनखिशाच्याला खिसा देऊ या. चाकू घ्यायचं ठरवलं, आणि तो मन लावून निवडला, हे लिहून ठेवतो. घडीचा. पातं बोटभर. उघडलं की आतली पट्टी खटकन अडकते, आपोआप मिटत नाही. मूठ शिसवी, कडा गोल केलेल्या. मुठीला क्लिप नको, क्लिपनं खिसा फाटतो. दुकानाची धार मला चालत नाही, घरी दगडावर तेल टाकून स्वतः लावली. हाताच्या पाठीवरचा केस उतरला.

सौ.: "लग्नाच्या बोलणीत चाकू कोण देते वं माय!"
मी: "ज्याले माणूस पारखायचा हाय तो."

१६ नोव्हेंबर, रविवार, रात्री
मौदा. दोन खोल्या, स्वच्छ. निलेशला वडील नाहीत, आई अंगणवाडीत. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, शाळेतला पोरांबरोबरचा फोटो. पोहे, संत्री. बोलणी चांगली चाललेली. तारीखही निघत होती.

मी चाकू काढला, उघडला. त्याची आई लगेच म्हणाली, "भाऊ, खाली ठेवा. हातात नका देऊ. वाकडं येते."
मला तेच पाहिजे होतं. म्हटलं, "बाई, आमच्या आजोबानं छप्पनले दीक्षा घेतली. ते मीठ-सुरीचं आमच्या घरी तवाच संपलं. तुमच्या घरी अजून हाय?" बाईचं तोंड एवढंसं झालं. रसिका म्हणाली, "बाबा, ठेवा ना खाली." ऐकलं नाही.

खरं तर आमच्या कामातही उघडं पातं कोणी हातात देत नाही. खाली ठेवतात नाही तर मूठ पुढे करतात. हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. आज मूठ माझ्याकडे होती. पातं त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर आलं. आलं म्हणजे मी ठेवलं. त्यानं दचकून हात मागे घ्यावा, एवढंच पाहायचं होतं. कुणीही घेतला असता.

त्यानं पात्यावरच मूठ मिटली. आईकडे पाहत होता, तिची समजूत काढत होता, "काही नाही होत वं माय." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "चांगला हाय, काका." मूठ मिटलेलीच, आणि मी माझ्याकडची चाकूची मूठ मागे ओढली.

रक्त संत्र्याच्या ताटात पडायला लागलं तरी त्याला कळलं नव्हतं. त्याची आई ओरडली तेव्हा त्यानं खाली पाहिलं.

१७ नोव्हेंबर
मधल्या बोटाची आतली दोरी तुटली, बोट वाकवणारी. काल दवाखान्यात रसिकानं मला बाकावर बसवून सगळं सांगितलं. रडत नव्हती. बारावीत असताना तो शाळेच्या खिडकीच्या काचेतून पडला, मनगट कापलं. अंगठा आणि दोन बोटं तेव्हापासून बधिर. गरम कळत नाही, टोचलेलं कळत नाही. खडू निसटायचा म्हणून तो तिच्या क्लिनिकला आला. दीड वर्षं तिनं त्याला उजव्या हातात खडू धरायला शिकवलं. दिवाळीच्या सुटीआधी त्यानं फळ्यावर पहिल्यांदा अख्खा नकाशा काढला होता.

मी म्हटलं, "मले काय माहीत?"
"तुमाले फक्त तेच माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं."

तिची भीती वाटली. माझ्या पोरीची, पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर
रसिका मावशीकडे राहायला गेली, पलीकडच्याच गल्लीत. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. सौ. जेवायला वाढते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते.

कामावर गोष्ट पोचली आहे, कशी कोण जाणे. जेवणाच्या सुटीत मी बसलो तेव्हा देवरावनं शेंगा सोलायचं बंद केलं, त्या रुमालात बांधल्या आणि दुसऱ्या बाकावर गेला. एवढंच केलं.

राग येतो. त्या पोराचा येतो, सांगायला काय झालं होतं? रसिकाचा येतो. पश्चात्ताप होतो असं लिहायला बसलो की पेन तिथेच अडतं.

२२ नोव्हेंबर
बधिर हाताला काय धरता येईल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. जाड मूठ पाहिजे, खडबडीत, हलकी, पडली तर दोरीनं मनगटाला लटकून राहील अशी. सुट्टी टाकून इतवारीत बसलो. शेवटी बुटक्या पेचकसाला स्वतःच रबरी नळी चढवली, दोरी ओवली. माझी दोन बोटं चिकटपट्टीनं बांधून धरून पाहिला. धरता येतो. छान झाला आहे, कोणी काहीही म्हणो.

संध्याकाळी मावशीकडे नेऊन दिला. दारातच. रसिकानं हातात घेतला, फिरवून पाहिला. वाटलं, विरघळली.
"त्याले अवजार नको बाबा," म्हणाली. "त्याले बोट पाह्यजे."
आणि परत दिला. खाली ठेवला, उंबऱ्यावर. मी वाकून उचलला.

२९ नोव्हेंबर
लग्न मौद्याच्या विहारात, १४ डिसेंबरला. बोट हलेल का ते डॉक्टर अजून सांगत नाही. शाळेत त्याला सध्या परीक्षेचे पेपर मोजायला बसवलं आहे.

निलेश आधी म्हणाला होता, रसिकाचे बाबा आले तर मी उठून जाईन. हे सौ.नं सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं, भाजी निवडता निवडता. मग रसिका त्याच्याशी बोलली. आता ठरलं ते असं: मी यायचं, मागे बसायचं. हार सौ. देणार. निलेशच्या हातात मी काहीही द्यायचं नाही. हातसुद्धा नाही.

"माझ्या पोरीचं लग्न, अन् मी मागं?" मी ओरडलो.
"मग नका येऊ," सौ. म्हणाली. "मी तर जाऊन राहिली."
लग्न झाल्यापासून ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. पालकाची जुडी संपवली आणि उठली.

७ डिसेंबर
त्या पोराला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. उचलला. "बोला." काका म्हणाला नाही. मी म्हटलं, बोट कसं आहे? म्हणाला, "तुमी पाह्यलं ना, मले कळत नाही. मग कसं सांगू?" आणि ठेवला. त्याला उलट बोलता येतं तर. हे त्या रविवारी समजलं असतं तर मला तो आवडला असता.

जायचं की नाही ठरत नाही. रसिका मला बोलावते आहे की सहन करते आहे, तेही समजत नाही. विचारायची हिंमत नाही.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ
सौ. पांढऱ्या साडीत तयार. खाली गाडी आली आहे, मावशी आणि रसिका पुढच्या गाडीत गेल्या. माझा पांढरा शर्ट आणि नवी पॅन्ट सौ.नं पलंगावर काढून ठेवली होती. सगळं चढवलं. सवयीनं पक्कड उचलली, पाना उचलला, खिशात घालायला गेलो तर हात आत जाईना.

खिसे शिवलेत. पॅन्टचे दोन्ही, मागचाही, शर्टाचाही. बारीक टाके, पॅन्टच्याच रंगाचा धागा, बाहेरून ओळखू येत नाही. सौ.नं कधी बसून केलं असेल? विचारलं नाही, सांगितलं नाही. रसिकाला माहीत आहे का, तेही माहीत नाही. बहुतेक तिनंच सांगितलं असेल.

पलंगावर बसून हे लिहितो आहे. पक्कड मांडीवर आहे, शिलाई मशीनवर कात्री आहे. उसवायला वेळ लागणार नाही, कोणाला दिसणारही नाही. आणि असं खिसे शिवलेल्या पॅन्टमध्ये चारचौघांत उभं राहायचं तर हात कुठे ठेवायचे, तेच मला कळत नाही.

हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.
सौ. जिन्यातून हाक मारते आहे, "येऊन राहिले का नाही?"