भरल्या ताटात हात

मंगळवार, जेवणं उरकल्यावर

आज फार मजा वाटली, आणि आता भीतीही वाटतेय. काल मालिकेतली सून पुरुषांच्या पंगतीतच जेवायला बसली. मी टाळ्या वाजवल्या. तर आमची सून सुजाता म्हणते, "आई, टाळ्या फक्त टीव्हीलाच का?"

आमच्याकडे बाया मागून जेवतात. ही रीत मीच तिला शिकवली, आता कोणाला नावं ठेवू? आज तिनं नवऱ्याशेजारी, म्हणजे आमच्या विलासशेजारी, ताट मांडलं आणि सरळ वरणभात कालवला. मला हसूच आवरेना.

विलासनं भरल्या ताटात हात धुतला. वरणावर पाणी तरंगत राहिलं. "उद्या तो टीव्ही काढून टाकतो," एवढंच म्हणाला.

"काढा की. ताट तर राहील ना?" सुजाता म्हणाली.

मी कशाला हसले? त्याचे वडीलही असेच भरल्या ताटात हात धुवायचे. पुढे काय व्हायचं ते माझ्या पाठीला ठाऊक. वाटलं होतं, पोरगा ते विसरला असेल. हात धुताना त्याची मान अगदी तशीच वळली.

ते ताट मीच घासलं. उद्या माझंही ताट मांडायचं, त्या दोघांच्या मधे.