चुकीच्या राजाच्या नावाने

लंडन,
४ मार्च १९५८

ती. मॉडताईस,
लेनर्डचा वाकून (कंबर परवानगी देईल तितपत) नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेला केशराचा केक पोचला. टपालात त्याच्यावर कुणीतरी बसून आलं असावं. पण चव शाबूत आहे.

बातमी अशी, की जूनच्या मानकऱ्यांच्या यादीत माझं नाव असल्याची कुजबुज आहे. म्हणजे तुझा भाऊ ‘सर’ होणार! बाविसाव्या वर्षी परीक्षा देऊन मत्स्यखात्यात चिकटलो, युद्धात देशाला हेरिंग मासळी वाटली, सात मंत्री आले नि गेले. आता मी खात्याचा सचिव. आठवे मंत्री हॅदरली तरुण आहेत, टिपणं वाचायचा त्यांना कंटाळा. गुरुवारी नॉर्वेच्या राजदूतांना मेजवानी आहे. मंत्र्यांचं भाषण आमच्या मिस ऑर्पिनने झकास लिहून दिलंय.

यादीचं कुणाला बोलू नकोस. लोभ आहेच, तो केकसकट वाढावा.
तुझा,
लेनर्ड


पोर्टवेनिक, कॉर्नवॉल,
१० मार्च

चि. लेनर्डास अनेक आशीर्वाद.

बोलू नकोस म्हणालास, म्हणून फक्त पाद्रीबाबांना सांगितलं. आणि बंदरावरच्या कोळणींना. आता गाव मला ‘सरांची ताई’ म्हणतं. राजवाड्यात घालायला पिसांची टोपीही घेतली.

पण हे काय वाचते मी पेपरात? तुझ्या मंत्र्याने नॉर्वेच्या राजदूतासमोर डेन्मार्कच्या राजाच्या नावाने पेला उंचावला? हसता हसता मी खुर्चीतून पडायची राहिले. पुढे मात्र लिहिलंय, की चूक भाषण लिहिणाऱ्या बाईची. ती तुझी ऑर्पिनच ना? खरं काय ते कळव. आणि ‘दोन्ही बाजू पाहाव्या लागतील’ असलं काही लिहू नकोस. लहानपणी कोंबड्या कुणी सोडल्या म्हणून बाबांनी विचारलं, तरी तू हेच म्हणायचास.

तब्येतीस जप. लोकरीचे मोजे घालत जा.
तुझी,
मॉडताई


लंडन,
२१ मार्च

ती. ताईस सा. न.

खरं ते लिहितो. कागदावर नॉर्वेच लिहिलं होतं. तीन पेले पोटात गेल्यावर मंत्र्यांनी कागद खिशात घातला आणि मनचं बोलू लागले. राजदूत बिचारे पेला हवेत धरून उभे. शेवटी छताकडे बघत प्यायले.

सकाळी मंत्र्यांनी मला बोलावून सांगितलं, की ऑर्पिनला काढून टाका. कर्मचारी माझ्या अखत्यारीत, तेव्हा सही माझी हवी. बाई वीस वर्षं खात्यात आहे, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. ती माझ्या दारात आली, रडली नाही. एवढंच विचारलं, की माझा चहाचा कप आत्ताच घेऊन जाऊ की शनिवारी? मी म्हटलं, कप जागेवर राहू दे.

तसाच मंत्र्यांकडे गेलो. ‘या बाबतीत विचार करता येईल’ अशी सवयीने सुरुवात केली आणि जीभ अडखळली. मग म्हणालो, नाही. ती जाणार नाही. मला कुणी विचारलं, तर मी माझ्या कानांनी काय ऐकलं ते सांगेन. त्यांनी गोड आवाजात विचारलं, की जून महिना लक्षात आहे ना? मी म्हटलं, मे नंतर येतो, साहेब.

बाहेर आलो आणि जिन्यावरच बसलो. शिपायाने पाणी आणून दिलं.

टोपी परत करता येते का, दुकानात विचारून ठेव.
तुझा,
लेनर्ड


लंडन,
१३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

यादी तू पाहिलीच असशील. मंत्री जागेवर आहेत, मिस ऑर्पिनही जागेवर आहे. हललो फक्त मी. उरलेली दोन वर्षं दीपगृहांच्या एका मंडळावर काढायची. तिथे मी, एक आरामखुर्ची आणि एक मांजर. मांजर माझ्याहून वरिष्ठ आहे.

दिवसा हसतो, पण संध्याकाळी वाटतं, छत्तीस वर्षं केली ती कशासाठी? गावात तुझी मान खाली गेली, याचं जास्त वाईट वाटतं. क्षमा कर.
लेनर्ड


पोर्टवेनिक,
१७ जून

चि. लेनर्डास आशीर्वाद, आणि कान धरून एक पीळ.

यादी वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू? मग बंदरावर गेले. कोळणींनी विचारलंच, की सरांचं काय झालं? मी राजापासून कपापर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. टॅमसिन नान्स, जिच्या जिभेला गावात कुणी पुरं पडत नाही, ती सुरी पुसत म्हणाली, की एवढंच ना? मग आम्हीच करतो त्याला सर!

तेव्हा येत्या रविवारी, प्रार्थना संपली की, धक्क्यावर तुला गुडघ्यांवर बसायचं आहे. राजवाड्यात ‘सर’ करताना खांद्यांना लावतात ती तलवार काही मिळायची नाही. टॅमसिन ताजा बांगडा दोन्ही खांद्यांना लावणार आहे. पाद्रीबाबा प्रस्तावना करणार म्हणून हटून बसलेत.

नाही म्हणायला शिकलास, छान झालं. पण इथे चालायचं नाही. जुना कोट घालून ये.
तुझी,
मॉडताई