काळी घ्यावी की पांढरी

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७

आजपासून डायरी. जूनअखेर रिटायर झालो तेव्हापासून लिहायचं मनात होतं. चौतीस वर्षं रस्ते बांधले, सरकारी जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली. आता स्वतःची गाडी. तीही लक्झरी सेडान. फाट्यावरची जागा विकली ती टिनपाट डबा घ्यायला नाही.

दोन मॉडेल फायनल. एक काळी, एक पांढरी. आपण इंजिनीअर माणूस, दिसली आणि घेतली असं करणार नाही. रीतसर तुलना होणार. त्यासाठी वेगळी वही केली, मार्जिन आखलं.

डेडलाइन २६ तारीख, आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. त्या दिवशी बालाघाटचे दुलीचंदजी मुलाला, अतुलला, घेऊन आपल्या प्राचीला पाहायला येणार. त्यांच्याकडे मोठी सेडान आहे म्हणतात. फोनवर मी सांगून टाकलं की आमचीही तोवर येते. अंगणात दोन सेडान बाजू-बाजूला उभ्या पाहिजेत. एकुलती एक पोरगी आहे. तिचं साक्षगंध, साखरपुडा म्हणा, याच अंगणात, गाव पाहत राहील असं झालं पाहिजे. बायकोनं, भागीरथानं, आतापासून भिंती रंगवायला काढल्या.

तीच भागीरथा म्हणे, कायले पायजे एवढी बुटकी गाडी, उंचवाली घ्या, आपला रस्ता पाहा. ऐकून किळस आली. रस्त्याबद्दल मला शिकवून राहिली. हा रस्ता मीच पास केला आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नागपूरला जाऊन पांढरी पाहिली. शोरूममध्ये सेंटचा इतका वास की नाकाला रुमाल लावावा लागला. कॉफी दिली ती औषधाच्या झाकणाएवढ्या कपात. कैलाश नावाचा सेल्समन, गळ्यात टाय. मी मराठीत विचारू, तो इंग्रजीत उत्तर देऊन राहिला. मूळ गाव विचारलं तर आमगाव. मग आला लाईनीवर. आपल्याकडची पोरं नागपूरला गेली की अशी होतात, वीट येतो.

टेस्ट ड्राइव्हला मी सवयीप्रमाणे मागे बसलो. कैलाश म्हणे, सर, चालवून नाही पाहणार? म्हटलं, चालवायला माणसं असतात. मला चालवता येत नाही हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

उतरताना त्रास झाला. सीट फार खाली आहे. डिझाइनची चूक. कैलाशनं हात दिला, तो घ्यावा लागला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज काळी. रुबाब दहापैकी दहा. पांढरीला नऊ. उतरायला मात्र दोन माणसं लागली. माणसाला गुडघे असतात हे या कंपन्यांना कोणी सांगितलंच नाही वाटते.

रात्री प्राचीचा फोन. नागपूरला बँकेत आहे, पगार चांगला, डोकं आईवर गेलं. म्हणे, बाबा, गाडी जमिनीपासून किती उंच आहे, आणि आपल्या घरासमोरचा ब्रेकर किती उंच आहे? याच्यासाठी एम.कॉम. केलं पोरीनं. दोन्ही गाड्या सोळा सेंटिमीटर. ब्रेकर नियमाप्रमाणे दहा. ड्रॉइंगवर माझी सही आहे, बकाराम मिस्त्रीनं माझ्या डोळ्यांसमोर बांधला. मोजायचा प्रश्नच नाही.

ब्रेकर आपल्याच गेटसमोर काऊन, असं काही लोक तेव्हा बोलले होते. लोकांच्या सुरक्षेसाठी. गाडी हळू झाली की गेटवरची आपल्या नावाची पाटी वाचली जाते, हा वेगळा फायदा.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी

शिसारी आली आज. कैलाश डेमोसाठी पांढरी घेऊन निघाला आणि फाट्यावर थांबून फोन करते, सर, इथून पुढे रस्ता नाही. म्हटलं, आहे, चार वर्षांपूर्वीच डांबर झालं. स्कूटरनं गेलो, त्याला रस्ता दाखवला. तो म्हणे, सर, डांबर कुठे आहे? टाय खांद्यावर टाकून रस्त्यावर उकिडवा बसला आणि मूठभर गिट्टी हातात घेऊन मला दाखवली. म्हणे, हा रस्ता कोणत्या गाढवानं पास केला?

म्हटलं, चौकशी करावी लागेल.

गाडी पुढे आलीच नाही. मी फाट्यावरच मागच्या सीटवर अर्धा तास बसून घेतलं. शेजारच्या गोरेगावच्या बाजारातून येणाऱ्या चार-पाच बाया थांबल्या, काच खाली करून त्यांच्याशी बोललो.

निर्णय: पांढरी रद्द. जी गाडी आपल्या दारी यायला तयार नाही तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. काळी फायनल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

काळी आज बुक करणार होतो. पण तिच्यात आता राखाडी शेड आली म्हणतात, म्हणजे तुलना नव्यानं करावी लागणार. शिवाय डिलिव्हरी जानेवारीत. ग्राहकाची काही किंमतच राहिली नाही या देशात.

दुलीचंदजींना सांगू, आमची पॉलिशला गेली आहे. भागीरथा म्हणे, खोटं नका बोलू, सोयरीक करून राहिलो आपण, गाडी नाही. तिचा रागच आला. सासरच्यांसमोर पोरीची मान वर राहावी म्हणूनच करून राहिलो ना हे सगळं.

२६ ऑक्टोबर, रविवार. मंडई. संध्याकाळी ६

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी अकराला दुलीचंदजींची सेडान आली. काळी. माझंच मॉडेल. फाट्यापासून खड्डे चुकवत पाऊण तास लागला, पण आली. मंडईमुळे सारा गाव रस्त्यावर, ऊस आणि जिलेबीची दुकानं लागलेली. मी फेटा बांधून गेटवर उभा. गाडी ब्रेकरवर चढली. पुढची चाकं इकडे उतरली, मागची तिकडेच राहिली, आणि खालून पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. मग गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. नुसती डोलत राहिली. खालून तेल निघालं ते माझ्या गेटपर्यंत आलं, थेट भागीरथाच्या रांगोळीत.

चौघांनी मिळून दुलीचंदजींना बाहेर काढलं. त्यांनाही गुडघ्याचा त्रास आहे वाटते. बाहेर आल्याबरोबर त्यांनी हिंदीत विचारलं की हे कोणत्या गधेने बनवलं. मी बोलणारच होतो की चौकशी करावी लागेल. तेवढ्यात गर्दीतून बकाराम पुढे आला. पंचवीस वर्षं माझ्या हाताखाली होता, माझा मोठा मान ठेवते. छाती फुगवून म्हणे, आमच्या साहेबानंच. एकदा बांधला तर साहेबाले कमी वाटला, म्हणून दुसऱ्यांदा उंच करवला.

मग त्यानं खिशातून टेप काढला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. तेवीस सेंटिमीटर.

मला माझीच घाण वाटली. एवढं लिहून हा विषय बंद.

ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढेपर्यंत प्राची आणि अतुल कुठे गेले कोणाला पत्ता नाही. दोन तासांनी मंडईतून ऊस खात आले. हसून राहिले होते. दुलीचंदजी चहासुद्धा न घेता भाड्याच्या जीपनं गेले. कळवतो म्हणाले. भागीरथा चुलीजवळ बसून रडली. मी तिच्याजवळ बसलो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

फोन आला. होकार. पोरगा हटून बसला म्हणतात, करीन तर हिच्याशीच. दुलीचंदजींना देणं-घेणं काही नको. अट एकच: १६ तारखेच्या साक्षगंधाअगोदर ब्रेकर निघाला पाहिजे. नाही निघाला तर साक्षगंध बालाघाटला, आणि या गावात ते पुन्हा पाय ठेवणार नाहीत.

हे तर किरकोळ काम. सिमेंटचा ढिगारा काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रश्न. रंगवलेल्या भिंती वाया जाणार नाहीत, असं भागीरथाला सांगितलं. ती महिन्यात पहिल्यांदा हसली. आता शांतपणे काळी आणि राखाडीची तुलना करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

बकाराम दोन माणसं घेऊन सकाळी सहाला आला. घण, छिन्नी, सब्बल. दहापर्यंत घणाचा दांडा मोडला. दुपारी दुसरा मोडला. ब्रेकरला ओरखडा पडला, हे मान्य करावं लागेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गोंदियाहून ब्रेकर मशीन मागवली. ब्रेकर फोडायच्या मशीनलाही ब्रेकरच म्हणतात, मला याचाही वैताग आला. मशीनवाला तीन तास थडथड करून राहिला. पाटीचे दोन स्क्रू निघाले, पाटी वाकडी झाली. रस्ता आजूबाजूनं आपोआप उखडून आला, हातानं उचलावा असा. मधला ब्रेकर जागचा हलला नाही. मशीनवाला गेला. म्हणे, असा माल हल्ली पाहायलाच भेटत नाही.

मी बकारामवर चिडलो. म्हटलं, आपल्या हातचे रस्ते एका पावसात जातात, हेच काऊन जाऊन नाही राहिलं? तो घामानं भिजून तिथेच ब्रेकरवर बसला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, साहेब, हे तुमच्या घरासमोरचं होतं ना. पंचवीस वर्षांत या एकाच कामात आपण सिमेंट पुरा टाकला.

मी आत येऊन दार लावलं. गाडीची वही कपाटात ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार. बालाघाटला जाताना, एस.टी.त

जागा मागच्या सीटवर मिळाली. भागीरथाच्या मांडीवर मिठाईचे डबे, प्राची खिडकीशी. रंगवलेल्या भिंतींकडे भागीरथानं एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. एस.टी.च्या आवाजात ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

गेटसमोर बस ब्रेकरवरून गेली. मागची सीट हातभर उडाली, माझं डोकं छताला लागलं, दोन डबे खाली पडले. कंडक्टरनं दांडी पकडून विचारलं की हे कोणत्या गाढवानं केलं. प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. सगळी बस त्या गाढवाला शिव्या देऊन राहिली.

मीपण मान डोलावली.