साल काढलेलं सफरचंद

बबडे,

शोधत बसू नकोस, मी आपल्या शिलाईच्या दुकानात गेलेय. दुकानाची किल्ली पिठाच्या डब्यात लपवलीस होय? अगं, त्याच डब्यात मी तुझी चॉकलेटं लपवायचे.

ऑपरेशन झाल्यापासून तू पुढ्यात ठेवलंस ते निमूट खाल्लं. पोटाला पपई, रक्ताला डाळिंब, ताकदीला केळं. संत्री तर आता स्वप्नात येतात. काल डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या, टाके भरलेत, रक्तही वाढलंय, हळूहळू कामाला लागा. आणि तू घरी आणून मला पुन्हा झोपवलंस. मग आलेली ताकद काय बरणीत भरून ठेवू?

काल दुपारी मी झोपले नव्हते. शिलाई मशीन बघायला उद्या या, असं तू कुणाला तरी फोनवर सांगत होतीस. तो माणूस आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. मशीन माझं आहे. मी डोळे मिटल्यावर काय ते कर, तोवर हात लावायचा नाही.

जड कापडाचे गठ्ठे उचलणार नाही, शपथ. डब्यात द्राक्षं घेतलीत. रागाव हवं तर, पण जेवून रागाव.

सगळा गुण सालीत असतो, असं फ्रीजवरच्या कागदावर तूच लिहिलंयस, आणि मला मात्र सोलून देतेस. सकाळचं सफरचंद मी खाल्लेलं नाही. ओट्यावर ताटलीखाली आहे. साल काढून झाकून ठेवलं की त्याचं काय होतं, ते एकदा उघडून बघ.

आई