विसाव्याच्या अलीकडचा पूल

सर,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायला मला कुणाची परवानगी लागू नये. तरी मघापासून पेन हातात धरून बसले आहे आणि गाडी काही पुढे सरकत नाही. पहिला प्रश्न येत नसेल तर दुसरा सोडवायला घ्या, वेळ फुकट घालवू नका, असं परीक्षेआधी तुम्हीच सांगायचात. म्हणून पहिला प्रश्न बाजूला ठेवते आणि आधी पुलाचं सांगते. तुम्ही आखून बांधलेला तुमचा पूल पुन्हा उघडतोय. पेठच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथला तो टांगलेला पायपूल. दोन काठांवर दोन मनोरे, त्यांवरून गेलेले दोन पोलादी दोर आणि दोरांना लटकवलेली, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी वाट. एका काठाला पाडा, दुसऱ्या काठाला शाळा, रेशन, दवाखाना आणि स्मशान. तिघं त्यावरून नदीत पडून गेले, त्यानंतर पत्रे ठोकून तो बंद केला तो बंदच होता. पत्र्यांवर वेली चढल्या, दोरांवर बगळे बसायला लागले. माणसं मात्र पावसाळाभर लांबच्या वळणाने चालत राहिली, आणि ज्यांच्याच्याने चालवत नव्हतं ती घरी बसून मेली. हे मी वाढवून सांगत नाही. तिकडच्या आयाबाया हे अगदी सहज सांगतात, भात लावणीला उशीर झाला हे सांगावं तसं.

दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नाही म्हणणार होते. कॉलेजमधला तो दिवस आठवला म्हणून घेतलं. तुम्ही एका पडलेल्या पुलाचा प्रश्न घातला होता आणि मी कारण म्हणून लिहिलं होतं, 'मानवी चूक'. तुम्ही माझा पेपर सगळ्या वर्गासमोर वर धरता. चष्मा कपाळावर सरकवता, म्हणजे आता कुणाची तरी धडगत नाही. "मॅडम, मानवी चूक म्हणजे काय हो? पुलावर माणसांनी चालायचं नाही का? त्यांनी गर्दी करायची नाही, घाबरायचं नाही, पळायचं नाही? मग पूल कुणासाठी बांधायचा, बकऱ्यांसाठी? माणूस जसा आहे तसा धरून गणित करा. कारण लिहा, दोष लिहू नका." वर्ग हसला. मी नाशिकरोडच्या वसाहतीतली, पहिल्या बाकावर बसून खाली मान घालणारी मुलगी. त्या दिवशी तुमचा इतका राग आला की बस चुकवून चालत घरी गेले. नंतर आयुष्यभर ते वाक्य मी माझ्या हाताखालच्या पोरांना ऐकवत आले, तुमच्याच आवाजात, चष्मासुद्धा तसाच वर सरकवून.

आणि तुमचं घर. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं, ओसरीवर शिसवी झोपाळा असलेलं. कंपन हा विषय तुम्ही फळ्यावर शिकवलाच नाहीत. आम्हा चारपाच जणांना घरी बोलावलंत, मला झोपाळ्यावर बसवलंत आणि एका बोटाने ढकलायला लागलात. वेळ साधून दिलेला नुसता बोटाचा धक्का, आणि झोपाळा भिंतीला लागेल इतका वर. मी ओरडले तशा काकू स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आल्या. "अहो, दुसऱ्याची पोर आहे ती!" मग आम्हाला आत ओट्याशेजारी पाट मांडून थालीपीठं वाढली. इतर कुठल्याही सरांच्या घरात मी स्वयंपाकघरापर्यंत पोचले नव्हते, हे तेव्हा तुमच्या ध्यानातही आलं नसेल. माझ्या मात्र आलं होतं. पहिली नोकरी लागली तेव्हा त्याच ओट्याशी तुम्ही मला तुमचा पितळी ओळंबा दिलात, भिंतीचा उभेपणा बघायला गवंडी दोरीने सोडतात तो. "यंत्रं बिघडतात, हा बिघडत नाही," एवढंच म्हणालात.

आता अपघाताच्या दिवसाचं. तुम्हाला ते माहीत आहे, पण मला ते क्रमाने मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाड्यावरची एक म्हातारी वारली. तिचा मुलगा विस्तवाचं मडकं घेऊन पुढे, मागे चौघांच्या खांद्यावर तिरडी आणि त्यामागे सगळा पाडा, बायकासुद्धा. नदी भरलेली. पूल ओलांडला की पलीकडे विसावा आहे, एक सपाट दगड, तिथे तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात. त्याच्या अलीकडे तिरडी टेकवायची नाही आणि मडकंवाल्याने मागे वळून बघायचं नाही, ही तिकडची पक्की रीत. पुलाच्या मध्यावर वाट डावीउजवीकडे डोलायला लागली. लोक ओरडले, "खाली ठेवा, बसा खाली!" मुलगा पुढूनच, न वळता म्हणाला, "इसाव्याच्या आदी टेकायची नाय." ते चालत राहिले. डोलणं वाढलं, माणसं एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर आदळली, एका ठिकाणचा कठडा सुटला आणि तिघं खाली गेले. त्यांत त्या मुलाची धाकटी बहीण होती. आईची तिरडी सुखरूप पलीकडे पोचली.

चौकशीत तुम्हाला विचारलं, पूल किती माणसांसाठी होता? तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी त्याहून जास्त होती का? तुम्ही म्हणालात, हो. एवढंच. दोन्ही उत्तरं खरी. त्यावरून कागदावर कारण आलं, पुलाच्या पाटीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त गर्दी आणि मृतेच्या मुलाचा हट्ट. म्हणजे मानवी चूकच की, सर. तुम्ही पेपर वर धरला नाहीत.

मी पुलावर पहिल्यांदा गेले तेव्हा पत्रे काढून उपकरणं बसवली आणि माझ्या समाधानासाठी तुमचा ओळंबाही कठड्याला टांगला. पुलाचे दोर तपासले, मनोरे तपासले. वजनाला तो पूल आजही पुरून उरतो, त्या दिवशी दुप्पट माणसं असती तरी दोराला काही झालं नसतं. वरखाली हलण्याचं गणितही तुम्ही चोख केलं होतं. शाळेची पोरं इतकी वर्षं पळत गेली, काही झालं नाही. पण आडवं हलण्यासाठी तुम्ही फक्त वारा धरला होता. चालणारा माणूस दर पावलाला थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे ढकलतो, हे त्या काळी आमच्या कुठल्याच पुस्तकात नीट नव्हतं. माणसं आपापल्या चालीने चालली तर ते धक्के एकमेकांना मारतात. एका पावलाने चालली तर बेरीज होते. वाट डोलली की तोल सांभाळायला पाय आपोआप फाकतात, वाटेच्याच तालात पडायला लागतात, आणि मग थांबायचं नाव नाही. दोन दिवस मी आकडे बघत बसले. तो पूल आडवा ज्या संथपणे डोलतो, त्याच संथपणे माणूस तिरडीमागे चालतो. तुमचं बोट आणि माझा झोपाळा. ओळंबा समोर हळूहळू फिरत होता आणि मला तुमचा इतका संताप आला की तो काढून पिशवीत टाकला.

आम्ही काय केलं ते ऐका, तुम्हाला आवडेल. दोन्ही बाजूंनी काठांवर ताणदोर बांधून घेतले आणि वाटेखाली मध्यावर वजनं टांगली, जाड तेलात बुडालेली. पूल डावीकडे निघाला की ती मागे राहतात आणि त्याला मागे ओढतात, त्यांची ओढाताण तेलात जिरते. चालत्या झोपाळ्यावर कुणी उलटा झोका घ्यावा तसं. पण कागदावरचा भरवसा पाड्याला नको होता. म्हणून ठरलं, सगळ्यांनी मिळून, एका पावलाने, त्या दिवसासारखंच चालायचं. रिकामी तिरडी उचलणं अशुभ, तेव्हा बांबूची शिडी आणली, तिच्यावर भाताची पोती बांधली. तरी कुणाला ते काय आहे ते सांगावं लागलं नाही.

शिडीला चौथा खांदा कमी पडत होता. त्या दिवशी मडकं धरलेला तो मुलगा, आता पन्नाशी ओलांडलेला, बाजूला आंब्याखाली उभा होता. मी म्हटलं, "दादा, या ना." तो जागचा हलला नाही. "मला नाय चालत, ताई." मी पोलीस पाटलांकडे बघितलं. ते खाली बघत म्हणाले, "त्याला खांदा बंद हाय. त्या दिसापून." तेव्हा मला कळलं की पुलासारखाच तोही इतकी वर्षं बंद होता. पाड्यावर कुणीही मेलं तरी त्याने घरात बसायचं. त्याची बायको गेली तेव्हासुद्धा दुसऱ्यांनी उचलली, हा पाठीमागून लांबून चालला.

अहवाल तेव्हा माझ्या बॅगेत होता, कारणाचा रकाना कोरा. काय लिहायचं ते माहीत होतं, लिहवत नव्हतं. तुमच्या नावाचा पुरस्कार आपल्या कॉलेजात अजून देतात, सर. काकू दरवर्षी लुगड्याची घडी मोडून तिथे पहिल्या रांगेत बसतात. पण तिथे आंब्याखाली तो माणूस उभा होता. मी सगळ्यांना नदीकाठी बसवलं आणि सांगितलं. गर्दीने नाही झालं. याच्या हट्टानेही नाही. तिरडी नसती आणि तेवढेच लोक त्याच चालीने निघाले असते तरी हेच झालं असतं. पूल बांधतानाच आडवं हलणं धरलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईने मला पाण्याचा तांब्या दिला. मग पोलीस पाटलांनी त्याच्याकडे न बघता नुसता हात केला. "ये."

त्याने खांदा दिला. आम्ही निघालो, माझी टीम, पाड्यावरची माणसं, शाळेचे मास्तर, सगळे डावा उजवा एकदम. मध्यावर पूल आडवा निघाला. मी कठडा धरला, हे कबूल करते. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि तरी तो पावलं टाकत होता. मग खाली वजनं हलल्याचा जड आवाज आला, पूल जरासा डोलला, पुन्हा डोलला, पहिल्यापेक्षा कमी, आणि शांत झाला. पलीकडे विसाव्याच्या दगडावर त्यांनी पोती खाली ठेवली. रीत म्हणून खांदेही बदलले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याची बहीण जिथे पडली तिथे नदीत एक बाई हळद-कुंकू सोडत होती. रकाना मी तिथेच, त्या दगडावर बसून भरला. तुमचं नाव नाही लिहिलं, पण वाचणाऱ्याला दुसरं कुणाचं नाव सुचणार आहे?

आता तो पहिला प्रश्न. अपघातानंतर मी तुम्हाला भेटायला आले होते. ओसरीवर झोपाळा नव्हता. छताला नुसत्या कड्या. काकू म्हणाल्या, "यांना चक्कर येते म्हणतात, काढून टाकला." तुम्ही भिंतीकडे तोंड करून चहा पीत होतात, कपाचा आवाज होऊ न देता. मला वाटलं, वय झालं. वर्षभरात तुम्ही गेलात. वैकुंठरथातून नेलं, कुणाला खांद्यावर न्यावं लागलं नाही. त्या पुलावर ओळंबा फिरताना बघत असताना त्या कड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, त्या अजून गेल्या नाहीत. चौकशीच्या दिवशी तुम्हाला पूल का डोलला ते कळलं होतं का हो? की नंतर कळलं? नंतर कळलं असेल तर सांगायला अजून वर्ष होतं. तुमच्याकडे नुसतं बोट होतं, सर, ते वर करायचं होतं. मी तुमच्यावर इतकं प्रेम केलं आहे की याचं उत्तर मला नको आहे, आणि तरी रोज विचारते.

पाड्यावरून निघताना तो आंब्याखालचा माणूस माझ्या गाडीपाशी आला. खांदा चोळत होता. म्हणाला, "मंग मी नाय ना मारलं तिला?"

"नाही," मी म्हटलं.

त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेलं ओझं आता कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. मग विचारलं, "पूल बांधनाऱ्याला ठावं व्हतं?"

"बांधला तेव्हा त्यांना माहीत नव्हतं," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नव्हतं."

त्याने मान हलवली आणि गेला. हे पत्र पाठवायचं तर तुमच्या घराच्या पत्त्यावरच पाठवावं लागेल, आणि ते काकू उघडतील. तेव्हा ते इथेच राहील, ओळंब्याच्या पिशवीत. झोपाळ्याच्या कड्यांबद्दल मी त्याला काही बोलले नाही. त्याने बांधतानाचं विचारलं होतं, नंतरचं नाही. तुमच्यासारखंच मीही विचारलं तेवढंच सांगितलं.